जवाबी कार्डावरची वाक्यं

लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि नवऱ्याच्या सहवासात माझा सगळा मिळून दीड महिना काही भरला नव्हता. दिवस मोजलेले होते मी, म्हणून सांगते. ते पुण्याला कारखान्यात फिटर. तिघा जणांत एक खोली, एक कामावर गेला की त्याच्या अंथरुणावर दुसरा झोपायचा. तिथं बायको कुठं ठेवणार? म्हणून मी इकडं, शेवगावच्या पलीकडच्या आमच्या गावी, सासूजवळ. आमच्यात सासूला आत्याबाई म्हणतात. मामंजी माझ्या लग्नाआधीच गेलेले, दीर नाही, नणंद लांब दिलेली. घरात आम्ही दोघी आणि एक शेळी. बोलणं म्हणाल तर शेळीशी जास्त व्हायचं.

दिवाळीला ते आले तेव्हा एक गोष्ट बोलून गेले. म्हणाले, "तुझं मॅट्रिकचं इंग्रजी तेवढं राहिलंय ना, ते सोडव. मॅट्रिक पास बाईला तिकडं काहीतरी काम मिळतं. दोघं कमावते झालो की खोली घेऊ." एवढंच. पण त्या दिवसापासून मला इंग्रजी म्हणजे पुण्याच्या खोलीचं दार वाटायला लागलं. माहेरी असताना मी अकरावीला, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकला, बसले होते, बाकी सगळे विषय सुटले आणि इंग्रजीत गेले. त्याच वर्षी लग्न झालं, मग कोण कशाला विचारतंय.

आता पुस्तक कुठून आणायचं? गावातल्या कुणाकडून तरी नगरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून एक व्याकरणाचं पुस्तक मागवलं. कव्हर नाही, पहिली काही पानं नाहीत, मधूनच सुरू होणारं. जिथून सुरू होत होतं तिथंच माझं घोडं अडलं. ती इंग्रजीतली छोटी छोटी अव्ययं असतात बघा, 'ऑफ', 'ॲट', 'विदाऊट', 'आफ्टर', त्यांच्यापुढं क्रियापद आलं की त्याला 'इंग' लावायचं, आणि त्याच्यापुढं परत ज्याच्यावर ते काम होतं ती वस्तू. मी शाळेत असताना हमखास 'विदाऊट टू ईट' असं काहीतरी लिहायचे आणि फुली यायची.

खरं सांगायचं तर ते उलटंच आहे सगळं. आपण म्हणतो, भाकरी खाल्ल्याशिवाय. आधी भाकरी, मग खाणं, शेवटी ते 'शिवाय'. इंग्रज आधी 'शिवाय' म्हणतो, मग खातो, आणि भाकरी त्याला सगळ्यात शेवटी आठवते. 'विदाऊट ईटिंग भाकरी.' हे मला कळलं तेव्हा मी एकटीच चुलीपुढं हसले होते. आत्याबाई म्हणाल्या, काय झालं. मी म्हटलं, काही नाही. सांगणार तरी काय?

शिकवायला कोणी नव्हतं. मग मला माहेरच्या हायस्कूलच्या इंग्रजीच्या मास्तरांची आठवण झाली. ते निवृत्त होऊन नगरला एकटेच राहत होते. मी त्यांना पत्र टाकलं. त्यांचं उत्तर आलं की जवाबी कार्ड वापर. पोस्टात जोडीची कार्डं मिळायची, एकाला एक चिकटलेली. एकावर आपण लिहायचं, दुसरं कोरं ठेवायचं. ज्याला मिळेल त्यानं ते कोरं फाडून त्यावर उत्तर लिहून परत टाकायचं. मास्तरांनी रीत अशी लावून दिली की मी दर आठवड्याला पाच-सहा वाक्यं लिहायची आणि त्यांनी ती उत्तराच्या कार्डावर उतरवून घेऊन लाल शाईनं दुरुस्त करून पाठवायची. आणि एक अट घातली. पुस्तकातली वाक्यं लिहायची नाहीत. आपल्या घरात आज जे घडलं तेच लिहायचं. खोटं वाक्य ध्यानात राहत नाही, असं त्यांचं म्हणणं.

ते दुष्काळाचं साल. आमच्या भागात विहिरींत तर सोडाच, डोळ्यांतसुद्धा पाणी राहिलं नव्हतं. गावातल्या बायका सगळ्या रस्त्याच्या कामावर, खडी फोडायला. मी आणि आत्याबाई पण जात होतो. डोक्यावर पदर ओढून एका रांगेत बसायचं आणि हातोडी मारत राहायचं. मला त्या हातोडीचा फार उपयोग झाला. एक घाव, 'आफ्टर'. दुसरा घाव, 'ब्रेकिंग'. तिसरा, 'स्टोन्स'. आफ्टर ब्रेकिंग स्टोन्स, आय गो होम. दिवसभर वाक्यं जुळवत बसायची आणि दुपारी भाकरी खायच्या सुट्टीत बाभळीखाली बसून कार्डावर लिहून काढायची. शेजारची बाई म्हणायची, ही पोरगी तोंडातल्या तोंडात मंत्र म्हणती. म्हणत होतेच की.

तर ती वाक्यं. सुरुवातीला मी भीत भीत लिहिलं. 'बिफोर गोइंग टू वर्क, आय मिल्क द गोट.' मग हळूहळू मला कळलं की आमच्या गावात इंग्रजी वाचणारं कोणी नाही. पोस्टकार्ड म्हणजे सगळ्या गावाचं असतं बघा. टपालवाला येताना वाचतच येतो, दारात उभं राहून मोठ्यानं वाचून दाखवतो, शेजारीण कान देऊन ऐकते. त्यामुळं मराठीत कोणी सून मनातलं लिहीत नसे. 'आम्ही सर्व मजेत, तुमची खुशाली कळवणे', झालं. पण इंग्रजीत लिहिलं की ती माझी एकटीची खोली. आतून कडी लावलेली. तिथं मी काय वाट्टेल ते बोलावं.

आणि मग मी लिहायला लागले. आत्याबाईंचं लिहिलं. त्या काही वाईट नव्हत्या हो, पण भाकरी पातळ झाली की म्हणायच्या, कागद केला का, आणि जाड झाली की म्हणायच्या, वीट थापली का. मी लिहिलं, 'शी इज गुड ॲट फाइंडिंग फॉल्ट्स.' घरात दिवस दिवस कोणी बोलत नव्हतं. मी लिहिलं, 'आय ईट विदाऊट टॉकिंग टू एनीबडी.' ह्यांचं पत्र महिना महिना यायचं नाही. 'आय ॲम टायर्ड ऑफ वेटिंग फॉर हिज लेटर.' आणि त्याच कार्डावर शेवटी एक लिहिलं ते लिहिताना माझाच हात थांबला होता. खडी फोडताना मी त्यांचा चेहरा आठवायला बघितला आणि तो नीट येईना. कपाळ आलं, मिशी आली, डोळे काही आले नाहीत. फोटो एकच, लग्नातला, त्यात मुंडावळ्यांनी तोंड झाकलेलं. मी लिहिलं, 'आय ॲम अफ्रेड ऑफ फर्गेटिंग हिज फेस.' भीती, त्याच्यापुढं विसरणं, आणि सगळ्यात शेवटी त्यांचा चेहरा. कार्ड टपालात पडलं.

त्याचं उत्तर आलं त्या दिवशी आत्याबाई घरी होत्या. आदल्या दिवशी हातोडी त्यांच्या बोटावर बसली होती, म्हणून मीच त्यांना येऊ दिलं नव्हतं. नेहमीचा टपालवाला रजेवर. तो माझी कार्डं कामावर येऊन माझ्याच हातात द्यायचा आणि मी ती घरी माझ्या कपड्यांच्या पेटीत ठेवायचे, त्यामुळं आत्याबाईंनी ती कधी जवळून पाहिलीच नव्हती. सून काहीतरी शिकते, मास्तरांचं पत्र येतं, इतकंच त्यांना ठाऊक. त्या दिवशी आलेल्या बदलीच्या माणसानं कार्ड त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी वाच म्हटलं, तर तो म्हणाला, हे इंग्रजी आहे, मला येत नाही. आणि सायकलवर बसून गेला.

आता त्यांच्या बाजूनं बघा. त्या घरात इंग्रजी कागद आयुष्यात एकदाच आला होता. मामंजी मुंबईला दवाखान्यात वारले तेव्हाची तार. आणि दुसरं म्हणजे आमच्याकडं पोस्टकार्डाचा कोपरा फाडलेला असला की ते मयताचं पत्र. असं कार्ड कोणी घरातसुद्धा घेत नाही, उंबऱ्याबाहेर वाचतात आणि तिथंच फाडून टाकतात. मास्तरांचा हात थरथरायचा. जोडीचं कार्ड सोडवताना त्यांच्याकडून एक कोपरा गेला होता. त्यांना शहरात राहून तेवढं सुचलं नसेल, किंवा नजरेनं दिसलं नसेल. वरून लाल शाई. इंग्रजी, लाल आणि कोपरा फाटका. त्या बाईनं दुसरं काय समजायचं?

मी कामावर होते. लांबून आधी मला रडणं ऐकू आलं. वस्तीवरच्या पाच-सहा बायका आत्याबाईंना धरून रस्त्यानं येत होत्या. त्यांच्या डोक्यावर पदर नव्हता. रांगेतल्या सगळ्या हातोड्या थांबल्या. कोणी काही सांगायच्या आधीच सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या, आणि मला कळलं की जे काय झालंय ते माझं झालंय. एका म्हातारीनं जवळ येऊन माझं मनगट धरलं आणि खाली पडलेल्या दगडावर आपटलं. दोन बांगड्या फुटल्या. ती रडत रडतच म्हणत होती, "आता कशाला ठेवती गं लेकी, गेला तुजा धनी."

मला रडू आलं नाही. मी सांगते ना, मला काहीच आलं नाही. मी फक्त आत्याबाईंच्या हातातल्या कार्डाकडं बघत होते. आणि मग मला ते लाल अक्षर ओळखू आलं. मी ओरडून म्हटलं, हे माझं कार्ड आहे, मास्तरांचं, अभ्यासाचं. ह्यात कोणी मेलेलं नाही.

कोणाला पटेना. म्हातारीला वाटलं, धक्क्यानं बडबडतीय. आत्याबाईंनी कार्ड माझ्यापुढं धरलं आणि म्हणाल्या, "मग वाच."

तुम्ही म्हणाल, वाचायचं होतं. मला त्या क्षणी काहीही मराठीत करून सांगता आलं असतं, गाय, नदी, काहीही. पण माझं तोंड उघडेना. आत काय लिहिलंय ते मला ठाऊक होतं ना. मी गप्प राहिले आणि तेवढ्यानं त्यांचा संशय पक्का झाला. त्यांनी माझ्या हाताला कार्ड लागू दिलं नाही. हजेरी घेणारा कारकून तालुक्याहून यायचा, कॉलेज शिकलेला होता, त्याच्या हातात दिलं.

त्या बिचाऱ्यानं आधी स्वतःशी वाचलं आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. म्हणाला, घाबरू नका, ही वाक्यं आहेत, शाळेतल्यासारखी. पण बायका ऐकेनात. म्हणाल्या, काय लिवलंय ते मराठीत सांग, सगळं सांग. मग तो एकेक सांगायला लागला. मी बोलल्याशिवाय जेवते. म्हणजे, कोणाशी न बोलता जेवते. ती चुका शोधण्यात हुशार आहे. एक बाई म्हणाली, ती कोण? दुसरी म्हणाली, दुसरी कोण असणार, घरात हायेत किती. कोणीतरी तोंडाला पदर लावून हसली. कारकुनाचं हसू तोवर गेलं होतं. त्याला थांबायचं होतं असं मला दिसलं, पण सगळ्या त्याच्या तोंडाकडं बघत होत्या. मग तो पुढचं म्हणाला, त्याच्या पत्राची वाट बघून मी थकले आहे. आणि शेवटचं त्यानं अगदी हळू सांगितलं. त्याचा चेहरा विसरण्याची मला भीती वाटते.

कोणी हसलं नाही. म्हातारी म्हणाली, "उगाच दोन बांगड्या फोडल्या की गं मी." आणि माझा हात सोडला.

आत्याबाई खडीच्या ढिगावर बसल्या. थोड्या वेळानं उठल्या, कारकुनाकडून कार्ड मागून घेतलं, कनवटीला लावलं आणि एकट्याच घरी निघून गेल्या. मी परत हातोडी उचलली. दुसरं काय करणार, हजेरी गेली असती.

त्यानंतर घरात जे सुरू झालं ते मला आधीच्यापेक्षा जड गेलं. त्या रागावल्या नाहीत. भाकरी पातळ झाली, काही बोलल्या नाहीत. मी मुद्दाम जाड करून बघितली, तरी काही नाही. ताट पुढं घेतलं, खाल्लं, उठल्या. माझ्या भाकरीला नावं ठेवणारं त्या घरात तेवढं एक माणूस होतं, तेही गप्प झालं. कामावर बायका येता-जाता विचारायच्या, काय गं, आलं का मालकाचं तोंड ध्यानात? माहेरी जाऊन रडावं तर माहेर लांब. मी मास्तरांना कार्ड पाठवणं बंद केलं. परीक्षेचा फॉर्म भरून झालेला होता, पण शेवगावला एकटीला कोण सोडणार, आणि कोणत्या तोंडानं विचारायचं? मी मनात ठरवून टाकलं की झालं, ते दार बंद झालं. पुस्तक पेटीत तळाला घातलं.

पाण्याचा टँकर दोन दिवसाआड यायचा. एका सकाळी आम्ही दोघी घागरी रांगेत लावून बसलो होतो. टँकरचा पत्ता नव्हता. आत्याबाई घागर पालथी घालून तिच्यावर बसलेल्या, माझ्याकडं पाठ करून. तशाच, तोंड न वळवता त्या बोलल्या.

"त्या कारडात माजं लिवलं हुतंस, ते खरं लिवलंस का खोटं?"

मी म्हटलं, "आत्याबाई, तो अभ्यास होता."

"आब्यास व्हय. पर खरं का खोटं?"

मी म्हटलं, "खरं."

"आन त्याचं?"

"तेही खरं."

मग म्हणाल्या, "मला त्या दिवशी वाटलं, तो गेला. घरापासनं रस्त्यापतुर मी त्याचं तोंड डोळ्याम्होरं आनाया बघत हुते. पाच वर्साचा येतुया. गोवर आलेला, नागडा. मोटा काय केल्या येत न्हाई." आणि म्हणाल्या, "तुजं तर दोन वर्साचं हाय. मी तर त्याची आई हाय न्हवं."

मी त्यांची रांगेतली घागर उचलून माझ्या घागरीशेजारी पुढं सरकवली, कारण तेवढ्यात टँकर येऊन रांग पुढं गेली होती.

"कदी हाय ती परीक्षा?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. "मी येते संगं," म्हणाल्या. "आन ते कारडं लिवायचं चालू कर. माजं काय बरं सुचतंय का बघ."

मी परत लिहायला लागले. आता त्या शेजारी बसून बघायच्या, एक अक्षर कळत नव्हतं तरी. त्यांना एक सवय होती. भाकरी मोडली की मोठा तुकडा न बोलता माझ्याकडं सरकवायच्या. इतके दिवस मी ते खात होते पण वाक्यात काही आणलं नव्हतं. 'शी इज फॉन्ड ऑफ गिव्हिंग मी द बिगर पीस.' मराठीत सांगितलं तर म्हणाल्या, हॅ, असलं कुणी लिवतंय व्हय. मास्तरांना मी कोपऱ्याची हकिकत कळवली होती. त्यानंतर त्यांची कार्डं चारी कोपरे धड असलेली, कडा कात्रीनं कापलेल्या अशी यायची. त्यांनी माफीचं एक वाक्य मराठीत लिहिलं होतं. त्यांनी मराठीत लिहिलेलं तेवढं एकच.

परीक्षेच्या दिवशी आत्याबाई शाळेबाहेर लिंबाखाली तीन तास बसून राहिल्या. मी बाहेर आले तर त्यांनी पहिलं विचारलं, माजं लिवलंस का? मी म्हटलं, नाही, बाजारावर निबंध होता. "बरं केलंस," म्हणाल्या, आणि फडक्यातली भाकरी सोडली.

मी पास झाले. जेमतेम, पण झाले. ह्यांना पुण्याला कळवलं, आणि जून लागता लागता ते मला न्यायला आले. खोली बघितली होती, दहा बाय दहाची, मोरी आतच. त्यांना दारात बघितलं तेव्हा मी शेळीचं दूध काढत होते. उठलेच नाही लगेच. मान वळवून नुसती बघत राहिले. डोळे घारे होते त्यांचे. मी दोन वर्षं काळे धरून चालले होते.

आत्याबाईंना चला म्हणून दोघांनी सांगितलं. त्यांनी सांगितलं, शेळीला कोण बघंल, काम चालू हाय. खरं म्हणजे खोली केवढी आहे ते त्यांनी लेकाला आल्या आल्याच विचारून घेतलं होतं. निघायच्या सकाळी त्यांनी मला कुंकू लावलं, पदरात भाकऱ्या बांधून दिल्या आणि आमच्या आधीच घराबाहेर पडल्या. उशीर झाला तर हजेरी चुकते म्हणाल्या. लेकाच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्याच्या तोंडाकडं एवढा वेळ बघत उभ्या राहिल्या की तो म्हणाला, काय गं, काय लागलंय का माझ्या तोंडाला? न्हाई, म्हणाल्या, आणि गेल्या.

एस.टी. त्याच रस्त्यानं जायची, जिथं आमचं काम चालू होतं. पाऊस अजून नव्हता. मी खिडकीशी बसले होते. ढीग दिसायला लागले तशी मी काच खाली केली आणि बघायला लागले. शंभरभर बायका, सगळ्यांच्या डोक्यावर पदर ओढलेला, लुगड्यांचे रंग धुळीनं एक झालेले, सगळ्या खाली मान घालून. गाडी काही तिथं थांबत नाही. मी पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत बघत गेले आणि त्यांतल्या आत्याबाई कुठल्या ते मला ओळखता आलं नाही.

हे म्हणाले, "कुणाला बघतीस?"

मी म्हटलं, "आत्याबाईंना."

"मग हात कर की."

मी हात बाहेर काढला आणि सगळ्यांनाच केला. दोघी-तिघींनी हातोडी वर करून दाखवली. मग वळण आलं.